माळ्यावरून ४ बाय ५ चा (इंची, सुट्या शीट फिल्मचा) मोठा कॅमेरा परत खाली काढला, चारातल्या तीन शीट पाण्यात. आता कुठून सुरू करू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे, चहा घेऊन बसा.

२००३ ते २०११ मी मुंबईत एका आर्किटेक्चर फोटोग्राफरकडे असिस्टंट होतो. बिल्डिंगा, हॉटेलच्या लॉब्या, सगळं ४ बाय ५ च्या ट्रान्सपरन्सीवर. होल्डर (दोन्ही बाजूंना एकेक शीट मावणारी चपटी पेटी) भरणं, पुसणं, पोलरॉइड सोलणं ही माझी कामं. २००८ ला पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद करतोय म्हणून जाहीर केलं, मग साहेबांनी डिजिटल बॅक घेतलं आणि मी काम सोडताना त्यांच्याकडचा एक मेटलचा फील्ड कॅमेरा, १५० मिलिमीटरची लेन्स आणि सहा होल्डर मला मातीमोल भावात दिले. वर्षभर हौसेने वापरला, मग लग्न, वाईला परत येणं, दुकान, पोरं. कॅमेरा माळ्यावर. यंदा दिवाळीच्या साफसफाईत आईने खाली काढला, तिच्याच जुन्या सुती साडीत गुंडाळलेला, आणि म्हणाली विकायचा का ठेवायचा ते एकदाच काय ते सांग, दरवर्षी मी याची धूळ पुसणार नाही.

विकायचा म्हणूनच अंगणात मांडला होता खरं तर, जाहिरातीसाठी फोनने फोटो काढायला. ट्रायपॉडवर चढवला, बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घडीचा भाता) ओढले, सहज म्हणून तीच साडी डोक्यावर घेतली आणि मागच्या फोकसच्या काचेवर बघतो तर तुळशीवृंदावन छताला टांगल्यासारखं उलटं, आणि त्याच्या मागून आई पाय वर करून चालत गेली. झालं, विकणं राहिलं.

फ्रिजमध्ये एफपी-४ या ब्लॅक अँड व्हाईट फिल्मची अर्धी पेटी होती, मुदत संपलेली २०१३ ला. दोन होल्डर भरले आणि सकाळी सकाळी मेणवलीला गेलो. आता ऐका पराक्रम. पहिली शीट, फोकस करायला शटर उघडं ठेवलेलं, ते तसंच ठेवून होल्डरची स्लाईड (फिल्म झाकणारी पट्टी) ओढली. दुसऱ्या होल्डरला पुढची स्लाईड ओढायची ती मागची ओढली, म्हणजे जिची पाळी यायची होती ती शीट बिचारी उन्हात बसली. तिसरी नीट एक्स्पोज केली पण स्लाईड परत घालताना पांढरी बाजूच बाहेर ठेवली (पांढरी म्हणजे कोरी शीट, काळी म्हणजे वापरलेली), त्यामुळे तासाभराने कोरी समजून तिच्यावरच दुसरा फोटो काढला. आता त्या शीटवर नाना फडणवीसांच्या वाड्याच्या भिंतीतून घाटाच्या पायऱ्या उतरतायत, कोणी मॉडर्न आर्ट म्हणून घेतलं तर देऊन टाकेन. हेच काम मी आठ वर्षं रोज करायचो हो, झोपेत पण चुकलो नसतो.

चौथी वाचली. घाटावरची ती मोठी घंटा, वसईहून आलेली, तिच्यावर १७०७ साल आणि येशूच्या आईचं, मेरीचं, उठावाचं चित्र आहे ना, त्याचा क्लोजअप. मीटरने एफ २२ ला ४ सेकंद सांगितलं, तेवढंच दिलं. निगेटिव्ह आली पण पाण्यासारखी पातळ, वर एका कोपऱ्यातून तिरका काळा धुराचा लोट आल्यासारखा डाग, आणि ट्रेमध्ये चार शीट एकावर एक फिरवताना पडलेले दोन ओरखडे. नळाचं पाणी त्या दिवशी २९ डिग्री होतं.

तर विचारायचं हे की डाग कशाचा, निगेटिव्ह पातळ का (जुनी फिल्म म्हणून का माझ्या अकलेमुळे), सरावाला स्वस्त काही मिळतं का कारण आताचे शीटचे भाव बघून घेरी आली, एका शीटमागे एक थाळी, आणि शेवटचं म्हणजे माझ्याकडे एन्लार्जर (निगेटिव्हचं मोठं प्रिंट काढायचं यंत्र) नाही, स्कॅनर नाही, तर प्रिंटचं काय करू.


काळंकापड:

पहिल्याच दिवशी चारातली एक वाचली म्हणजे भारीच की! मी परत सुरू केलं तेव्हा पहिले सहा कोरे धुतले होते, लोड करताना फिल्म उलटी घातलेली. खाच चाचपायची सवय गेली होती. शीट उभी धरून खाच उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात आली की इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) तुमच्याकडे, हे परत पाठ करा. एक खराब शीट उजेडात घेऊन टीव्ही बघत बघत पन्नास वेळा होल्डरमध्ये घाला-काढा, मग डोळे मिटून पन्नास वेळा. बायको हसेल, हसू द्या.

डाग म्हणजे बेलोजला भोक, ९० टक्के. रात्री खोली पूर्ण काळोखी करा, लेन्सबोर्ड लावलेला राहू द्या, मागून ग्राउंड ग्लास काढून बारका टॉर्च आत घाला आणि बेलोज पूर्ण ओढून बाहेरून चहूबाजूंनी बघा. घडीच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसतील. माझ्याला सात निघाल्या होत्या. मी फेविबॉण्डमध्ये काजळी कालवून आतून बारीक ब्रशने लावलं, वाळू दिलं दोन दिवस, अजून टिकलंय. मात्र घाईने बंद करू नका, घड्या एकमेकींना चिकटतात, मग तुमचं तुम्हीच निस्तरा. भोक बारीक असेल आणि तुम्ही लगेच क्लिक केलं तर काही कळत पण नाही, पण स्लाईड ओढून उन्हात ढग सरकायची वाट बघत उभं राहिलं की तेवढ्यात तो लोट उतरतो फिल्मवर. तोपर्यंत काय करायचं तर एक्स्पोजरच्या वेळी आईची साडी बेलोजवर टाका.

आता पातळ निगेटिव्ह. फिल्मला दोष देऊ नका, स्लो ब्लॅक अँड व्हाईट फ्रिजमध्ये दहा-बारा वर्षं बऱ्यापैकी टिकते, थोडा फॉग (धुरकटपणा) आणि फार तर एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) जातो. हिशोब चुकलाय तुमचा. क्लोजअप म्हणता, मग लेन्सपासून फिल्मपर्यंत बेलोज किती ओढले होते? १५० ला अनंतावर (लांबच्या वस्तूवर) १५ सेंटिमीटर, त्यापुढे ओढलं की फिल्मवर उजेड कमी पडतो. समजा २१ झाले असतील तर २१ भागिले १५, त्याचा वर्ग, जवळजवळ २. म्हणजे ४ चे ८ सेकंद इथेच झाले. त्यावर रेसिप्रॉसिटी, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते म्हणून जास्तीचा वेळ. एफपी-४ प्लसला इलफर्डचा आकडा १.२६ आहे, ८ चा १.२६ वा घात म्हणजे १४ सेकंदाच्या आसपास. १४ पाहिजे होते, दिले ४. पावणेदोन स्टॉप कमी, वर फिल्म जुनी. आलं काहीतरी हेच नशीब. साहेबांकडे हे सगळं साहेब करत असतील आणि तुम्ही होल्डर देत असाल, म्हणून आठवत नाही. राग मानू नका, मी पण असिस्टंटच होतो.

फोमापॅन १०० ही फिल्म घेणार असाल तर तिचा तक्ता छापून कॅमेऱ्याच्या बॅगेत चिकटवा, तिला १० सेकंदाला आठपट लागतात म्हणजे ८० सेकंद. दिवसा उजेडात छान फिल्म आहे, देवळात गेली की अंत बघते.


ढगातला_गडी:

एवढा सगळा खटाटोप करून शेवटी फोनवर टाकून व्हॉट्सॲपवरच दाखवणार ना? मग डायरेक्ट फोननेच काढा की राव.


कृष्णाकाठ:

@ढगातला_गडी बरोबर आहे तुमचं, पण आमच्या आईने फोनवरचा फोटो चष्मा न लावता ढकलला आणि ती वाया गेलेली डबल एक्स्पोजरवाली निगेटिव्ह खिडकीशी धरून दहा मिनिटं बघत होती. सोडा.

@काळंकापड एकवीसच होते हो बेलोज! घरी येऊन परत लावून पट्टीने मोजले. राग कसला, खरंच साहेबच करायचे तो हिशोब, मी मागे छत्री धरून उभा.


संत्रानगरी_एक्सरे:

भाऊ, सरावासाठी महागाची फिल्म कायले जाळता, एक्सरे फिल्म घ्या ना. मेडिकल डीलरकडे ८ बाय १० ची शंभराची पेटी मिळते, एका शीटचे चार तुकडे म्हणजे चारशे ४ बाय ५. पण दुकानात जाऊन नुसतं एक्सरे फिल्म म्हणू नका, तो ड्राय लेझरची टेकवून देईन, आता सगळीकडे डिजिटल झालं न त्यामुळे तीच जास्त खपते, आपल्या काही कामाची नाही ती. वेट प्रोसेसची, ग्रीन सेन्सिटिव्ह, असं म्हणा. लहान गावातले जुने क्लिनिक, जनावरांचे दवाखाने, तिथं विचारा कोणाकडून घेतात.

कापताना एक ध्यानात ठेवा, ४ बाय ५ ची फिल्म खरी ४ बाय ५ नसते, जराशी लहान असते, म्हणून बरोबर चार तुकडे केले तर होल्डरमध्ये जातच नाहीत. दीड-दोन मिलिमीटर दोन्हीकडून छाटा. मी पुठ्ठ्याचा साचा करून ठेवला आहे, वाया गेलेल्या शीटच्या मापाचा.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे लाल दिव्यात काम होते. होल्डर भरणं, धुणं सगळं डोळ्यासमोर. कॅमेरा सोडून इतकी वर्षं झाली तुम्हाला, लाल उजेडात हात लवकर बसतो. दिवा पण तपासून घ्या, आमच्याकडचा झिरोचा लाल बल्ब नुसता रंग फासलेला निघाला, फिल्म धुरकट. नाणं ठेवायचं फिल्मवर, दिव्याखाली पाच मिनिटं, मग डेव्हलप करायचं, नाण्याचा गोल उमटला तर दिवा बाद.

तोटे पण सांगतो. दोन्ही बाजूंनी इमल्शन राहते, त्यामुळे नखाचा नुसता स्पर्श झाला तरी ओरखडा. एका वेळी एकच शीट, लहान प्लास्टिकच्या डब्यात, तळाला काच टाकून. मी ८० स्पीड धरून एक्स्पोज करतो, रोडिनल डेव्हलपर एकास शंभर पाणी, आणि घड्याळ कमी न डोळे जास्त, दिसते ना सगळं. आणि लाल रंग तिला दिसत नाही. आमच्याकडची संत्री काळी ठिक्कर येतात, जांभळं वाटतात. बायकांचं कुंकू बंदुकीच्या गोळीसारखं. पोर्ट्रेट काढाल तर आधी सांगून ठेवा समोरच्याला.

पाण्याचं काय सांगू, मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतून अंगठा पोळेल असं पाणी येते. मी माठात ठेवतो आदल्या रात्री. कोरड्या उन्हात माठ २४-२५ वर आणून देते आरामात. सगळे पाणी एकाच माठातलं घ्या, डेव्हलपर २४ न धुवायचं ३४ असं नको, जाळी पडते इमल्शनला.


काळंकापड:

मी एक्सरेच्या विरोधात. म्हणजे फिल्म वाईट नाही, पण परत शिकणाऱ्याने एका वेळी एकच अनोळखी गोष्ट घ्यावी. एक्सरेचा स्पीड दर पेटीला वेगळा, लालला आंधळी, ओरखडे. निगेटिव्ह बिघडली की कळणारच नाही चूक कॅमेऱ्याची, तुमची का फिल्मची. त्यापेक्षा पेपर निगेटिव्ह करा. साधा आरसी (प्लास्टिकच्या थराचा, फोटो प्रिंटचा) पेपर ४ बाय ५ चा कापून होल्डरमध्ये, स्पीड ६ धरा, तोही लाल दिव्यात चालतो, एकाच बाजूला इमल्शन, घासत नाही, ट्रेमध्ये दीड मिनिटात समोर. शिकायला याच्यासारखं काही नाही.

पाण्याचं मात्र नागपूरकरांचं खरं. फक्त २४ ला वेळ साधारण ३० टक्के कमी करायला विसरू नका. एफपी-४ प्लस, डी-७६ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० ला ११ मिनिटं, तर २४ ला आठच्या आसपास. पाणी न घालता, स्टॉकमध्ये धुतलं तर गरम पाण्यात वेळ इतका कमी होतो की शीटवर पट्टे येतात, म्हणून एकास एकच ठेवा.


संत्रानगरी_एक्सरे:

पेपर काय फुकट मिळते का भाऊ. आणि पेपरचा कॉन्ट्रास्ट आमच्या उन्हात? नुसतं खडू आणि कोळसा. आकाश पांढरं, सावली काळी, मध्ये काही नाही. सकाळी सातच्या आत काढा म्हणजे मग ठीक. सात नंतर नागपुरात माणूस पण राहत नाही बाहेर.


काळंकापड:

पेपरला फोटोच्या आधी हलका फ्लॅश (क्षणभर मंद उजेड) द्यायचा, कॉन्ट्रास्ट उतरतो. पण असो, तुमच्या उन्हाशी भांडायची आपली ताकद नाही.


हाफप्लेट_कोल्हापूर:

मुलांनो, वाचून लई बरं वाटलं. वय ७१, टायपिंग हळू हाय, सांभाळून घ्या.

आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता, लाकडी हाफ प्लेट कॅमेरा, पितळी पट्ट्यांचा. नंतर अलेप्पीचा वागीश्वरी घेतला, तो पण सागवानी, अजून माझ्याकडं हाय. शाळेच्या ग्रुप फोटोला मी दहा वर्षांचा असल्यापासून सोबत जायचो. शटर बिटर काही नाही, लेन्सची टोपी काढायची, मनात एक-दोन म्हणायचं, टोपी लावायची. पण वडील टोपी काढायच्या आधी काय करायचे ठाऊक हाय का? टोपी लेन्सच्या समोर चार बोटं धरून ठेवायचे, कॅमेऱ्याचा हादरा शांत होईतोवर, मग बाजूला घ्यायचे. तुम्ही चार सेकंदाचं एक्स्पोजर केबल रिलीजनं करताय न्हवं, मग तुम्हाला पण काळं पुठ्ठं धरून करता येईल तसं. ते जुनं शटर बारा वर्षं माळ्यावर पडलं हाय, एका सेकंदाला दीड सेकंद घेत असणार, त्याच्यावर विश्वास ठेवू नगा. बी किंवा टी वर (हवं तेवढा वेळ उघडं राहतं) ठेवा, पुठ्ठा धरा, तोंडानं मोजा. फास्ट स्पीड तेवढे फोनच्या स्लो मोशनमध्ये लेन्समधून बघून फ्रेम मोजा, नातवानं शिकवलं मला.

तीन चुका केल्या म्हणता, त्याला वडिलांचा एक उपाय होता. तोंडानं बोलायचे. मोठ्यांदा. "बंद केलं. ओढलं. दिलं. फिरवून घातलं." समोर मास्तर, हेडमास्तर, दोनशे पोरं, कुणाची पर्वा नाही. लोकांना वाटायचं मंत्र म्हणतोय. मी पण म्हणायचो नंतर. एकदा बोलायचं विसरलो आणि एका लग्नाचा अख्खा ग्रुप गेला, नवरीकडच्या मंडळींनी काय काय ऐकवलं ते इथं लिहिता यायचं न्हाई.

उन्हाळ्यात फिल्म मऊ पडायची, बोट लावलं की साय सरकल्यागत इमल्शन सरकायचं. आम्ही स्टॉप बाथनंतर (डेव्हलपर थांबवायचं पाणी) तुरटीच्या पाण्यात बुडवायचो, त्यानं कडक होतं. आताच्या फिल्मला लागत नाही म्हणतात, पण ती एक्सरे फिल्म धुवाल तर तुरटी जवळ ठेवा, कुठल्याही किराणात मिळती.

डी-७६ विकत कशाला घेताय? एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. पाणी पाऊण लिटर, हाताला चांगलं गरम लागंल असं, पन्नास डिग्री. आधी मेटॉल, सल्फाइटची चिमूट टाकून, मग बाकी सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स, मग लिटर पुरं करा. सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळतच नाही, ढवळत बसा. आणि सल्फाइट निर्जल पाहिजे, पावडर. खडे दिले तर दुप्पट, २०० ग्रॅम. आमच्या एका कामगाराला मेटॉलनं हाताला पुरळ यायचं, बोटं फाटायची, तवा ग्लोव्हज घाला, आम्ही घातले न्हाईत.

फिक्सर वापरून झाला की मोरीत ओतू नगा, चांदी असती त्यात. एक्सरेवाल्यांकडून जुना हायपो (फिक्सर) विकत नेणारे असतात, त्यांना गाठा.


निळी_छाया:

काका, तुमचे ते "मंत्र" मी आजपासून म्हणणार 😄

प्रिंटचं मी सांगते. एन्लार्जर नको, स्कॅनर नको, गच्ची पाहिजे. सायनोटाइप (उन्हात होणारं निळं प्रिंट) करा. फेरिक अमोनियम सायट्रेट हिरवं वालं २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत, दोन वेगळ्या काळ्या बाटल्या. वापरताना समसमान मिसळायचं, ट्यूबलाइट बंद करून साध्या पिवळ्या दिव्यात ब्रशने जाड वॉटरकलर पेपरवर लावायचं, काळोखात वाळवायचं. निगेटिव्ह वर ठेवायची, फोटोफ्रेमची काच दाबून क्लिपा लावायच्या आणि उन्हात. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी मला दहा मिनिटं पुरतात, पावसाळ्यात सरळ सुट्टी घ्यायची. मग नुसत्या पाण्याने धुवायचं, पिवळं पाणी जाईपर्यंत. १८४२ मध्ये हर्शेलने काढलेली पद्धत आहे आणि अजून घरच्या मोरीत होते याची मला दरवेळी गंमत वाटते.

असं निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून केलेलं ४ बाय ५ चं कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणजे पोस्टकार्डाएवढं. लहान वाटेल पण हातात घेतल्यावर नाही वाटत. फक्त निगेटिव्ह जाड आणि कॉन्ट्रास्टी हवी, तुमच्या त्या पातळ घंटेचं नुसतं निळं डबकं येईल. डेव्हलपमेंट वीस-तीस टक्के वाढवा.

आणि लोड करायला बाथरूम वापरत असाल तर गीझरचा लाल दिवा! एक्सरेला लाल दिसत नसेल, साध्या फिल्मला दिसतो. माझी एक अख्खी पेटी त्याने खाल्ली, चार महिने मी बेलोजला शिव्या देत होते. काळोखात दहा मिनिटं नुसतं बसून राहा, काय काय चमकतं ते दिसेल. दाराखाली टॉवेल, पंखा बंद, आणि कपाळाला रुमाल बांधा नाहीतर घामाचा थेंब बरोबर फिल्मवर पडतो. चेंजिंग टेंटमध्ये (फिल्म भरायचा छोटा काळा तंबू) मे महिन्यात हात घालणं म्हणजे इडलीपात्रात हात घालणं.


लीड्सकर:

थोडक्यात लिहितो. कोणाकरवी इथून, इंग्लंडहून, फिल्म मागवणार असाल तर चेक-इन बॅगेत अजिबात नको, आणि हातातल्या बॅगेत पण नवीन सीटी स्कॅनर आले आहेत बऱ्याच विमानतळांवर, ते फिल्म खराब करतात, कोडॅकनेच सांगितलंय. हाताने तपासा अशी विनंती करायची. माझ्याकडची सीलबंद पेटी एका विमानतळावर तपासणीच्या माणसाने प्रेमाने उघडली, आतली काळी पिशवी पण उघडायला निघाला होता, मी जवळजवळ हात धरला त्याचा. तेव्हापासून पेटीवर मोठ्या अक्षरात लिहितो की उजेडात उघडू नका, आणि एक रिकामी पेटी सोबत ठेवतो, आत काय असतं ते दाखवायला. मागवणं परवडतं का ते कस्टमवाल्याच्या त्या दिवसाच्या मूडवर अवलंबून.

बाय द वे, वाईला आहात तर पाचगणीच्या टेबललँडवर जा आणि पुढच्या गवतापासून मागच्या डोंगरापर्यंत फ्रंट टिल्ट करून (लेन्स पुढे झुकवून) बघा, पाच-सहा डिग्रीत काचेवर सगळं एकदम टचकन धारदार होतं. मी इथे बसून त्या एका क्षणासाठी झुरतो, इथे नुसतं धुकं.


कृष्णाकाठ:

तीन आठवड्यांनी येतोय, मधे दुकानात सीझन होता.

टॉर्च टेस्ट केली. दोन भोकं, दोन्ही उजवीकडच्या वरच्या घडीच्या टोकाला, बरोब्बर जिथून धूर आला होता तिथे. काजळी-फेविबॉण्ड केलं. काजळी आईने निरांजनावर वाटी धरून पाडून दिली, म्हणाली लहानपणी तुझ्या डोळ्यांत घालायची तीच ही. गीझरचा दिवा होताच, वर इन्व्हर्टरचा हिरवा पण दाराच्या फटीतून. दोन्हींवर काळी टेप.

एक्सरे का पेपर यावर दोघांचं भांडण वाचून मी दोन्ही केलं, आमच्याकडे कोणाला नाराज करत नाहीत. पेपरवर तुळशीवृंदावन, एफ १६ ला अर्धा सेकंद, अगदी मस्त. एक्सरे आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दहा शीट नुसत्याच दिल्या, साचा करून कापल्या, पहिल्या चार ओरखड्यांनी भरल्या, पाचवी स्वच्छ. आईचं पोर्ट्रेट. कुंकू खरंच गोळीसारखं आलं. तिला आवडलं नाही. पण शेजारच्या काकूंना दाखवून झालंय दोनदा.

मग काल घंटा परत. या वेळी एफपी-४ ची जुनीच शीट, मीटर परत ४ सेकंद, बेलोज २१, म्हणजे १४, वर फिल्मच्या वयाचा एक स्टॉप, म्हणून २८. काकांनी सांगितलं तसं शटर उघडून ठेवलं, काळं पुठ्ठं धरलं, मोठ्यांदा बोललो, "बंद केलं. ओढलं." घाटावर कपडे धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. पुठ्ठं बाजूला घेतलं आणि मोजायला लागलो. एकोणीसपर्यंत आलो असेन, मागून कोणाचं तरी चार-पाच वर्षांचं पोरगं पळत आलं आणि दोन्ही हातांनी घंटेला ढकललं.

निगेटिव्ह सुंदर जाड आलीय. डाग नाही, ओरखडा नाही. मेरीला दोन चेहरे आहेत.

शेवटच्या तीन शीट उरल्या आहेत त्या पेटीतल्या. पुढच्या रविवारी जातोय, पण घंटेपाशी उभं राहायला कोणीतरी पाहिजे.


काळंकापड:

मी येतो. पुण्याहून सहाला निघतो, साडेआठपर्यंत घाटावर. होल्डर आणतो चार, आणि एफपी-४ च्या दोन ताज्या शीट माझ्याकडून. ती दोन चेहऱ्यांची निगेटिव्ह मात्र धुवून-वाळवून नीट पाकिटात ठेवा, निळी_छाया ताईंना त्याचंच प्रिंट मागेन मी.


निळी_छाया:

जाड आहे ना? मग पाठवा, एप्रिल लागायच्या आत.


हाफप्लेट_कोल्हापूर:

पोरगं कुणाचं होतं ते विचारलं का? मोठं झाल्यावर दाखवा त्याला.